म्हातारा, आजारी कुत्रा खात नाही, औषध घेत नाही : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या विषयावर सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जिथे दुसऱ्या उत्तराशी संबंध आहे तिथे क्रमांक दिला आहे. एक गोष्ट मात्र आधीच सांगायला हवी. आजारी कुत्र्यानं अन्न किंवा औषध नाकारलं तर तो हट्ट आहे असं समजू नका. त्यामागे मळमळ, वेदना, भीती नाहीतर औषधाची कडू चव असते, आणि ते कारण सापडेपर्यंत कुठलीही युक्ती दोन-तीन दिवसांपलीकडे टिकत नाही.

१. काल रात्रीपासून त्यानं काहीच खाल्लं नाही. किती वेळ वाट पाहायची?

धडधाकट तरुण कुत्रा एक दिवस उपाशी राहिला तरी सहसा बिघडत नाही. म्हाताऱ्या आणि आधीच आजारी कुत्र्याच्या बाबतीत २४ तास ही मर्यादा धरा. तेवढ्या वेळात काहीच पोटात गेलं नसेल तर डॉक्टरांना फोन करा. मधुमेह असेल आणि इन्सुलिन चालू असेल तर एक जेवण चुकलं तरी त्याच वेळी फोन करायचा. पाणीही पीत नसेल तर १२ तासांच्या पुढे थांबू नका.

पुढच्या लक्षणांत घड्याळ पाहत बसू नका, लगेच निघा : पोट फुगलंय आणि उबळ येऊनही उलटी पडत नाही, हिरड्या पांढऱ्या, निळसर किंवा पिवळ्या दिसतात, शी डांबरासारखी काळी आहे, झोपेतही श्वास मिनिटाला ३०च्या वर आहे, ताप ३९.५ अंश सेल्सिअसच्या पुढे किंवा अंगाचं तापमान ३७.५च्या खाली आहे (गुदद्वारात मोजलेलं नेहमीचं तापमान साधारण ३८ ते ३९.२ असतं), किंवा उभंच राहता येत नाही.

२. वय झालं की भूक कमी होतेच ना? मग एवढं घाबरायचं कशाला?

हालचाल कमी होते, त्यामुळे वयाबरोबर खाणं थोडं कमी होतं. वास आणि चवही मंदावते. पण हा बदल महिनोन्‌महिने हळूहळू होतो. चार दिवसांत भूक निम्म्यावर आली तर ते वय नव्हे, आजार आहे. दातांचं दुखणं, किडनी, यकृत, स्वादुपिंडाची सूज, गाठी, हृदयविकार, सांधेदुखी ही नेहमीची कारणं आहेत. ‘वय झालंय’ म्हणून सोडून दिलेल्या पुष्कळ कुत्र्यांचा खरा त्रास किडलेला दात असतो, आणि तो काढला की कुत्रा पुन्हा नीट जेवू लागतो.

वजन हा सगळ्यांत प्रामाणिक पुरावा. आठवड्यातून एकदा, एकाच वेळी, एकाच काट्यावर करा. मोठ्या कुत्र्याला उचलून स्वतः काट्यावर उभे राहा आणि आपलं वजन वजा करा. महिन्याभरात ५ टक्के घट झाली तर तपासणी हवी. १० टक्के म्हणजे गंभीर.

३. वाटीपर्यंत धावत येतो, हुंगतो आणि तोंड फिरवून निघून जातो. असं का?

हे मळमळीचं ठळक चित्र आहे. भूक आहे, म्हणून तो येतो. वास आला की पोट ढवळतं, म्हणून परत जातो. सोबत जीभ ओठांवरून सारखी फिरणं, लाळ गळणं, काही तोंडात नसताना गिळल्यासारखं करणं, गवत खाणं, पहाटे पिवळा फेस ओकणं यांपैकी काही दिसतंय का पाहा. उलटी होत नाही म्हणजे मळमळ नाही असं समजू नका; किडनी आणि यकृताच्या रुग्णांत ती दिवसभर मंद चालूच असते.

अशा वेळी नवनवीन चमचमीत पदार्थ पुढे करणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. मळमळ होत असताना जे तोंडापुढे येतं त्याची कुत्र्याला किळस बसते, आणि ती बरं वाटल्यावरही जात नाही. आवडतं चिकन अशा दिवशी वाया घालवू नका. वाटी दहा-पंधरा मिनिटांत उचला, खोलीतला वास जाऊ द्या आणि डॉक्टरांकडून मळमळीवरचं औषध घ्या. मॅरोपिटंट किंवा ऑनडॅनसेट्रॉन ही नेहमी वापरली जाणारी औषधं. इंजेक्शननेही देता येतात, त्यामुळे गोळी गिळवण्याचा प्रश्न सुटतो.

४. घास तोंडात घेते, पण खाली टाकते. भूक तर दिसते.

खाण्याची इच्छा आहे, खाता येत नाही. बघायची पहिली जागा तोंड. ओठ हळूच वर करून दोन्ही बाजूंच्या मागच्या दाढा, हिरड्या आणि जिभेखालचा भाग उजेडात पाहा. तपकिरी थर, रक्त, घाण वास, सैल दात, एका गालाची सूज, गाठ असं काही दिसलं तर तपासणी लवकर करून घ्या. एकाच बाजूनं चावणं, मान वाकडी करून खाणं, कोरडं अन्न टाकून ओलं खाणं याही खुणा तोंडाच्याच.

तोंड स्वच्छ असेल तर मान आणि पाठ लक्षात घ्या. मानेचे मणके दुखत असले की वाटीपर्यंत डोकं नेताच येत नाही. तेच अन्न छातीच्या उंचीवर धरा. तिनं खाल्लं तर कारण मिळालं. वाटी स्टुलावर ठेवा. फक्त मोठ्या, खोल छातीच्या जातींत उंच वाटीचा संबंध पोट फुगून पीळ पडण्याशी जोडला गेला आहे, तेव्हा त्यांच्यासाठी हा बदल डॉक्टरांना विचारून करा.

गिळल्यावर थोड्या वेळानं अन्न जसंच्या तसं, न ओकता, नळीच्या आकारात बाहेर पडत असेल तर अन्ननलिकेचा विकार असू शकतो. अशा कुत्र्याला सिरिंजनं काहीही भरवू नका.

५. डॉक्टरांनी तपासलं, मळमळीचं औषधही चालू आहे. आता घरी काय बदलून पाहायचं?

पहिला उपाय : अन्न कोमट करा. अंगाच्या उबेइतकं, म्हणजे ३७-३८ अंशांच्या आसपास. त्यानं वास जास्त उठतो, आणि म्हातारा कुत्रा जिभेपेक्षा नाकानं जेवतो. मायक्रोवेव्हमध्ये केल्यास ढवळा, मध्येच चटका बसणारे गोळे राहतात. बोट घालून खात्री करा.

नंतर कोरड्या दाण्यांवर कोमट पाणी किंवा कांदा-लसूण-मीठ न घातलेलं चिकनचं पाणी ओता आणि दहा मिनिटं भिजू द्या. भांडं बदला : खोल वाटीच्या कडांना मिशा लागतात, स्टीलची वाटी गळ्यातल्या बिल्ल्यानं वाजते, तेव्हा पसरट ताटली ठेवून पाहा. पायाखाली रबरी चटई टाका. गुळगुळीत फरशीवर दुखरे पाय फाकत असतील तर कुत्रा उभं राहून जेवण्याचा नाद सोडतो, आणि आपल्याला वाटतं भूक गेली. दिवसाचं अन्न चार-पाच लहान वेळांत विभागा. आणि त्याच्या तोंडाकडे टक लावून बसू नका. घरातल्या माणसांची काळजी त्याला कळते आणि तो आणखी आक्रसतो.

वेदनाशामक चालू असेल तर त्याचा असर भरात असताना, बहुधा डोसनंतर तास-दोन तासांनी, जेवण ठेवा.

६. नेमकं किती खाल्लं म्हणजे पुरेसं?

नुसतं पडून असलेल्या शरीराला लागणारी ऊर्जा काढायचं सोपं सूत्र आहे : वजन किलोत घेऊन ३० नं गुणा आणि ७० मिळवा. येणारा आकडा दिवसाच्या किलोकॅलरींचा. १० किलोच्या कुत्र्याला साधारण ३७०, २० किलोच्याला ६७०. फार लहान किंवा फार मोठ्या कुत्र्यांना हे सूत्र नीट लागू पडत नाही.

अंदाजासाठी : कातडं काढलेलं १०० ग्रॅम उकडलेलं चिकन साधारण १६५ किलोकॅलरी, १०० ग्रॅम शिजलेला भात १३०, एक उकडलेलं अंडं ७०. म्हणजे १० किलोच्या कुत्र्याला दिवसभरात १०० ग्रॅम चिकन आणि १५० ग्रॅम भात गेला तरी तात्पुरतं निभावलं. तात्पुरतं हा शब्द महत्त्वाचा आहे. नुसत्या चिकन-भातात कॅल्शियम आणि बरीच खनिजं नसतात. आठवड्याच्या पुढे तोच आहार ठेवायचा असेल तर डॉक्टरांशी बोला.

रोज काय गेलं ते ग्रॅममध्ये लिहून ठेवा. ‘थोडंसं खाल्लं’ या उत्तरावरून डॉक्टरांना काहीही ठरवता येत नाही.

७. खात नाही म्हणून काहीही दिलं तरी चालेल का?

नाही. द्राक्षं आणि बेदाणे, कांदा-लसूण (पूडसुद्धा), चॉकलेट, झायलिटॉल (साखरेऐवजी वापरलं जाणारं गोड द्रव्य) असलेले पदार्थ आणि शिजवलेली हाडं कुठल्याही परिस्थितीत नकोत. शेंगदाण्याच्या लोण्यात आणि माणसांच्या पातळ औषधांत झायलिटॉल असू शकतं, लेबल वाचा. लहान मुलांच्या तयार मांसाहारी प्युरीत कांद्याची पूड असू शकते. लोणी, साय, तळलेलं मांस यांनी एका वेळची भूक भागेल, पण स्वादुपिंडाची सूज उसळू शकते. हृदयविकारात चीज, ब्रेड आणि डब्यातलं खारवलेलं मांस टाळा. नेमके हेच पदार्थ गोळी लपवायला वापरले जातात आणि रोजचं मीठ नकळत वाढतं.

८. हातानं भरवलं तरच खातो. वाईट सवय लागेल का?

आजारी म्हाताऱ्याच्या बाबतीत सवयीची चिंता सोडा. हातानं भरवल्यानं पोटात जात असेल तर भरवा. बोटावर थोडं ओलं अन्न घेऊन ओठाच्या आतल्या बाजूला लावा. चाटलं तर पुढचा घास. दोनदा मान फिरवली की थांबायचं आणि दोन तासांनी पुन्हा पाहायचं. नको म्हणत असताना तोंडात कोंबलेलं अन्न पुढच्या चार जेवणांचं नुकसान करतं.

९. गोळी अन्नात लपवली की अन्न खातो आणि गोळी बाजूला थुंकतो. कशी लपवायची?

रोजच्या जेवणात गोळी कधीही मिसळू नका. एकदा कडू लागलं की संशय सगळ्या ताटावर जातो, आणि औषधाबरोबर जेवणही बंद पडतं. गोळीसाठी वेगळा, एरवी न मिळणारा पदार्थ ठेवा आणि जेवणाच्या जागेपासून दूर द्या.

गोळी आणि घास वेगवेगळ्या हातांनी हाताळा. ज्या बोटांनी गोळी धरली त्याच बोटांनी घास वळला तर कडू भुकटी बाहेरून लागते आणि नाक ते लगेच पकडतं. अंगठ्याच्या नखाएवढे तीन घास करा, चावावे न लागणारे. पहिला रिकामा, दुसऱ्यात गोळी, तिसरा रिकामा. दुसरा देताना तिसरा नाकासमोर दिसेल असा धरा. तो मिळवण्याच्या घाईत दुसरा न चावता गिळला जातो. घास मोठा केला तर तो चावणार आणि गोळी फुटणार. अधूनमधून तिन्ही घास रिकामे द्या, म्हणजे दुसऱ्या घासाची ओळख पटत नाही.

डॉक्सीसायक्लिन किंवा एन्रोफ्लॉक्सासिन ही प्रतिजैविकं असतील तर दूध, दही, चीज वापरू नका. कॅल्शियममुळे औषध कमी शोषलं जातं. मेट्रोनिडाझोल (प्रतिजैविक) आणि ट्रॅमॅडॉल (वेदनाशामक) अतिशय कडू असतात. ती तोडल्याशिवाय पूर्ण गोळीच लपवा किंवा रिकाम्या जिलेटिन कॅप्सूलमध्ये भरा.

१०. लपवून जमतच नाही. तोंडात सरळ घालायची योग्य पद्धत काय?

कुत्र्याला कोपऱ्यात किंवा आपल्या पायांमध्ये पाठमोरं बसवा, म्हणजे मागे सरकता येत नाही. वरून डाव्या हातानं वरचा जबडा धरा, अंगठा एका सुळ्यामागे, बोटं दुसऱ्या सुळ्यामागे. नाक किंचित वर, छताकडे नव्हे. मानेचं दुखणं असेल तर तेवढंही नको. उजव्या हाताच्या अंगठा आणि तर्जनीत गोळी, मधल्या बोटानं खालचे पुढचे दात दाबून तोंड उघडा. गोळी जिभेच्या मधोमध, जितकी मागे जाईल तितकी ठेवा. जिभेच्या शेंड्यावर किंवा बाजूला पडली की परत येणारच.

तोंड मिटवा, नाक आडव्या रेषेत आणा, गळ्यावरून हलकेच हात फिरवा. जीभ बाहेर काढून नाक चाटलं म्हणजे गिळली. मग लगेच ५-१० मिली पाणी किंवा एक ओला घास द्या. ही पायरी अनेकजण गाळतात. कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकून तिथे जखम करते. डॉक्सीसायक्लिन यासाठी कुप्रसिद्ध आहे. गोळीला बोटभर तेल किंवा ओलं अन्न लावलं तर सहज सरकते.

गुरगुरणं, अंग ताठ होणं, डोळ्यांतला पांढरा भाग दिसणं असं झालं की तिथेच थांबा. दुखत असलेला गुणी कुत्राही चावतो. अशा वेळी १२ व्या प्रश्नातले पर्याय पाहा.

११. गोळी कुटून पाण्यात मिसळली तर?

काही गोळ्या चालतात, काही धोकादायक ठरतात. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कुटल्या तर दिवसभराचा डोस एकदम अंगात जातो. आतड्यात विरघळणारं आवरण असलेल्या गोळ्या आणि ओमेप्राझोल या आम्लपित्तावरच्या औषधाचे दाणे कुटले की जठरातच निकामी होतात. कर्करोगाच्या गोळ्या कुटणं तुमच्यासाठीच घातक. त्यांना हातमोज्यांशिवाय हातही लावू नका. याउलट सुक्राल्फेट (जठरातल्या व्रणांवरचं औषध) पाण्यात विरघळवूनच दिलेलं उत्तम, रिकाम्या पोटी आणि इतर औषधांपासून दोन तासांचं अंतर ठेवून.

प्रत्येक औषधाबद्दल डॉक्टरांना दोन प्रश्न विचारा : कुटता येईल का, आणि अन्नाबरोबर द्यायचं की आधी? उत्तरं पाकिटावरच लिहून ठेवा.

१२. दिवसाला सहा गोळ्या. प्रत्येक वेळी झटापट होते आणि तो आता मला पाहून लपतो.

इथे तुमची पद्धत चुकतेय असं नाही. औषधांची संख्याच त्या कुत्र्याला झेपत नाहीये. डॉक्टरांना स्पष्ट सांगा आणि यादी कमी करायला लावा. विचारण्यासारख्या गोष्टी : यांतलं कोणतं बंद करता येईल? तीनदा ऐवजी दिवसातून एकदा देता येणारं औषध आहे का? चवीचं पातळ औषध बनवून मिळेल का? सांधेदुखीसाठी महिन्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन आहे, काही प्रतिजैविकांचं एक इंजेक्शन दोन आठवडे पुरतं. कानाच्या त्वचेवर चोळायची मलमं मात्र कुत्र्यांत भरवशाची नाहीत. बऱ्याच औषधांचं शोषण अपुरं होतं.

औषध देणारा माणूस आणि माया करणारा माणूस वेगळा ठेवता आला तर ठेवा. औषधाची जागाही एकच ठरवा, आणि ती त्याची झोपायची जागा नसावी.

१३. सगळ्या गोळ्या जात नसतील तर कोणत्या आधी द्यायच्या?

तुमच्या कुत्र्याचा क्रम डॉक्टरांनीच ठरवावा, आणि तो आजच विचारून ठेवावा, अडचणीच्या रात्री नव्हे. सर्वसाधारणपणे फिट्सचं औषध (फेनोबार्बिटल वगैरे) चुकवायचं नसतं. अचानक बंद झालं तर झटके येतात. बरेच दिवस चालू असलेलं प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड एकाएकी थांबवता येत नाही, कारण शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवणं थांबवून बसलेलं असतं. हृदयाची औषधं आणि वेदनाशामक यानंतर. सांध्यांची पूरकं, जीवनसत्त्वं, त्वचेची तेलं शेवटी. ती पंधरा दिवस चुकली तरी धोका नाही.

१४. जेवला नाही, पण औषधाची वेळ झाली. द्यायचं का?

औषधागणिक उत्तर बदलतं.

इन्सुलिन : न जेवलेल्या कुत्र्याला पूर्ण डोस देऊ नका, आधी फोन करा. साखर उतरली तर झोकांड्या, थरथर, गोंधळ, शेवटी झटके येतात. शुद्धीत असेल तर हिरड्यांवर मध किंवा साखरेचा पाक चोळा, घशात ओतू नका, आणि दवाखान्याकडे निघा.

कार्प्रोफेन, मेलॉक्सिकॅम यांसारखी सूज-वेदनेची औषधं : जेवण बंद, उलटी किंवा काळी शी यांपैकी काही असेल तर पुढचा डोस थांबवा आणि कळवा. हीच औषधं भूक मारत असण्याची शक्यता असते. स्टेरॉइडबरोबर तर ती द्यायचीच नाहीत.

पिमोबेंडन (हृदयाचं औषध) : जेवणाआधी तासभर, रिकाम्या पोटी जास्त चांगलं लागू पडतं, त्यामुळे जेवणासाठी अडवून धरू नका.

फ्युरोसेमाइड (लघवी वाढवणारं औषध) : पाणी पिणं बंद असेल तर शरीर कोरडं पडतं, त्याच दिवशी विचारा.

१५. गोळीनंतर उलटी झाली, किंवा एक डोस चुकला. पुन्हा देऊ का?

उलटीत अख्खी गोळी दिसली तर गोळीचं नाव आणि मधला वेळ सांगून डॉक्टरांना विचारा. दिसली नाही तर पुन्हा देऊ नका. किती शोषली गेली ते कळायला मार्ग नसतो. चुकलेला डोस आठवल्यावर, पुढची वेळ दूर असेल तर द्या, जवळ असेल तर सोडा. दोन डोस एकत्र कधीच नाही. इन्सुलिन आणि फिट्सच्या औषधांना हा नियम लावू नका, तिथे फोनच करायचा.

१६. खूप कण्हतोय आणि डॉक्टर उद्या भेटणार. घरातली दुखण्याची गोळी अर्धी दिली तर?

देऊ नका. आयब्युप्रोफेननं कुत्र्याच्या जठरात व्रण पडतात आणि किडनी निकामी होऊ शकते. पॅरासिटामॉल यकृतावर आणि रक्तातल्या प्राणवायू वाहण्याच्या क्षमतेवर घाव घालतं. ॲस्पिरिन दिली तर उद्या डॉक्टरांना योग्य वेदनाशामक सुरू करता येत नाही, मधे काही दिवस जाऊ द्यावे लागतात. रात्रभर मऊ अंथरूण, ऊब, शांत जागा द्या आणि रात्री फोन घेणारा दवाखाना शोधा.

१७. पाणी पुरेसं जातंय का, हे कसं ओळखायचं?

निरोगी कुत्रा अन्नातलं धरून दिवसाला किलोमागे साधारण ५०-६० मिली पाणी घेतो. ओल्या अन्नात तीन चतुर्थांश पाणीच असतं, त्यामुळे ते खाणारा कुत्रा वाटीतून कमी पितो. मानेची कातडी चिमटीत धरून सोडण्याची चाचणी म्हाताऱ्यांत फसवते, कारण त्यांची कातडी तशीही सैल असते. त्याऐवजी हिरडीला बोट लावा. ओली, निसरडी असेल तर ठीक. चिकट किंवा कोरडी असेल तर पाणी कमी पडतंय. हिरडी दाबून सोडल्यावर गुलाबी रंग दोन सेकंदांत परत यायला हवा.

दोन-तीन ठिकाणी पाणी ठेवा, त्यातलं एक अंथरुणापासून मान लांब केली की पोचेल असं. किडनीच्या रुग्णांना कातडीखाली सलाईन घरी देता येतं. डॉक्टर प्रमाण ठरवतात आणि एकदा करून दाखवतात. किडनीचा कुत्रा पाणी खूप पितो म्हणून वाटी काढून घेणं हा मोठा घात आहे. तो पितो कारण लघवीतून त्याहून जास्त जातं.

१८. सिरिंजनं पातळ अन्न भरवू का?

डॉक्टरांनी सांगितल्यावरच. कुत्रा पूर्ण शुद्धीत, बसलेला किंवा पोटावर टेकलेला आणि स्वतः गिळणारा हवा. आडवं पडलेल्या, झोपाळलेल्या, खोकणाऱ्या, घरघर आवाज येणाऱ्या कुत्र्याला नाही. अन्न श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होतो, आणि म्हाताऱ्यांचा जीव त्यानं जाऊ शकतो.

सुई नसलेली सिरिंज सुळ्याच्या मागच्या फटीतून गालाच्या खोबणीत सरकवा, टोक घशाकडे नको. नाक आडवं. एका वेळी १-२ मिली, गिळलेलं दिसलं की पुढचं. एका बैठकीत एकूण, सुरुवातीला, किलोमागे ५ मिलीपेक्षा जास्त नको. चार-पाच दिवसांहून अधिक उपाशी असलेल्याला पहिल्याच दिवशी पोटभर देऊ नका. सहाव्या प्रश्नातल्या आकड्याच्या पाव ते एक तृतीयांशानं सुरू करून तीन-चार दिवसांत वाढवा. उपासमारीनंतर एकदम अन्न गेलं की रक्तातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम कोसळतं.

पूर्ण पोषण रोज सिरिंजनं करणं सहसा जमत नाही. दोन-तीन दिवसांत स्वतः खाणं सुरू झालं नाही तर पुढचा प्रश्न वाचा.

१९. भूक वाढवायचं औषध किंवा नळी, यांचा उपयोग होतो का?

होतो, मळमळ आणि वेदना आटोक्यात आल्यावर. कुत्र्यांसाठीच बनवलेलं कॅप्रोमोरेलिन (अमेरिकेत २०१६ मध्ये मंजूर) पातळ स्वरूपात दिवसातून एकदा देतात. सुरुवातीला लाळ, उलटी, जुलाब होऊ शकतात. मिर्टाझपीनही वापरतात, पण ट्रॅमॅडॉल किंवा सेलेजिलीन (मेंदूच्या म्हातारपणावरचं औषध) चालू असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, एकत्र दिल्यास घातक ठरू शकतं.

नळीचं नाव काढलं की माणसं दचकतात. पण मानेच्या बाजूनं अन्ननलिकेत घातलेली नळी छोट्याशा भुलीत बसते, आठवडे-महिने राहते, आणि तिच्यातून अन्न, पाणी, कुटता येणारी औषधं झटापटीशिवाय जातात. बरा होण्यासारखा आजार असेल, फक्त तेवढे दिवस काढायचे असतील, तर नळी लवकर बसवलेली चांगली. मरणासन्न कुत्र्यात ती घालण्यात अर्थ नाही.

२०. किडनीचं पथ्याचं अन्न तोंडाला लावत नाही. उपाशी ठेवावं की जुनं द्यावं?

जुनं द्या. पथ्याच्या अन्नात फॉस्फरस कमी असतं आणि त्याचा खरोखर फायदा होतो, पण न खाल्लेल्या पथ्याचा फायदा शून्य. आधी मळमळ थांबवा, भूक परत आणा, मग जुन्या अन्नात एक चमचा नवं अशा सुरुवातीनं दोन ते चार आठवड्यांत बदला. दवाखान्यात दाखल असताना किंवा उलट्या चालू असताना नवं अन्न सुरू करू नका (कारण प्रश्न ३ मध्ये). सगळे प्रयत्न फसले तर साध्या अन्नाबरोबर फॉस्फरस बांधून ठेवणारी पूड देता येते.

२१. जेवला हेच विसरतो, किंवा वाटी समोर असून शोधत राहतो.

मेंदूचं म्हातारपण असू शकतं, नजर गेलेली असू शकते, दोन्हीही. वाटीची जागा, वेळ आणि हाक बदलू नका. वाटीखाली गडद रंगाची चटई ठेवा, रात्रभर मंद दिवा ठेवा आणि जेवणाकडे हातानं नेऊन नाक वाटीपाशी टेकवा. रात्री येरझाऱ्या घालून दमलेला कुत्रा सकाळी खात नाही. त्याचं मोठं जेवण दुपारी ठेवून पाहा.

२२. आम्ही त्याला उगाच ओढत तर नाही ना?

हा प्रश्न भावनेच्या भरात, एका वाईट रात्री सोडवू नका. पशुवैद्य अॅलिस व्हिलालोबोस यांनी यासाठी सात बाबींची मोजपट्टी दिली आहे : वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकीला ० ते १० गुण. बेरीज ३५च्या वर असेल तर काळजी घेत राहणं योग्य मानतात. घरातल्या दोघांनी वेगवेगळे गुण द्यावेत आणि दर तीन-चार दिवसांनी ताडून पाहावेत. वेदनेचे गुण (यात श्वासाचा त्रासही धरतात) तळाला गेले असतील तर बाकीची बेरीज कितीही असो, डॉक्टरांशी त्याच दिवशी बोला.

२३. आता बरा होणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. तरी भरवत राहायचं?

समोर ठेवा, आग्रह करू नका. शेवटच्या दिवसांत शरीर अन्न नाकारतं. भरवलेलं पचत नाही, मळमळ आणि घुसमट वाढते. आजपर्यंतची पथ्यं सोडायला हरकत नाही, तो मागेल ते चाटू द्या (प्रश्न ७ मधले विषारी पदार्थ सोडून). ओल्या कापसानं तोंड पुसा, दर दोन-चार तासांनी कूस बदला, ओलं अंथरूण लगेच काढा. वेदनेचं आणि मळमळीचं औषध तेवढं चालू ठेवा, तेही शक्य तितकं इंजेक्शननं.

२४. इच्छामरणाचं इंजेक्शन घरी देता येतं का? त्याला त्रास होतो का? त्या दिवशी खायला द्यावं?

बरेच पशुवैद्य घरी येतात, आधी विचारून ठेवा. बहुतेक जण आधी गुंगीचं इंजेक्शन देतात. ते टोचल्यासारखं लागतं, पाच-पंधरा मिनिटांत झोप येते. त्यानंतर शिरेतून पेंटोबार्बिटल या भूल देणाऱ्या औषधाचा मोठा डोस. शुद्ध आधी जाते, मग श्वास थांबतो, मग हृदय. शेवटचा डोस दिल्यावर याला सहसा मिनिट-दोन मिनिटं लागतात. डोळे उघडे राहतात, एखादा खोल उसासा किंवा स्नायूंची थरथर दिसू शकते, लघवी-शी होऊ शकते. हे सगळं बेशुद्धीनंतरचं असतं, खाली जुनी चादर अंथरा.

खायला मागितलं तर आवडीचे दोन-चार घास द्या. गुंगीच्या इंजेक्शननं उलटी होऊ शकते म्हणून पोटभर नको. घरात दुसरा कुत्रा असेल तर नंतर त्याला जवळ येऊन हुंगू द्या, आणि पुढचे काही दिवस त्याचंही जेवण मोजा. सोबती गेल्यावर खाणं कमी करणारे कुत्रे असतात, आणि त्यांनाही २४ तासांचाच नियम (प्रश्न १) लागू.